फडताळाचा फोटो

अंबाझरी ले-आउटमधले मावशीचे घर चिखल उपसून, फिनाइलने धुऊन पुन्हा राहण्याजोगे झाले, त्यानंतरच्या एका दुपारी तिचा फोन आला. तिने माझी चौकशी केली नाही, घराचेही काही सांगितले नाही. एकदम विचारले, “अगं, आमच्या महालक्ष्म्यांसमोर आई फुलवाती वळत बसली आहे, तो फोटो तुझ्याकडे असेल ना? तूच काढला होता.” मी म्हटले, आहे की. “मग आज पाठवून दे,” एवढे बोलून तिने फोन ठेवला. माझ्या त्या उत्तरात खोटे काही नव्हते. फोटो मला डोळ्यांसमोर दिसत होता: फुलोऱ्याखालचा पिवळा दिवा, आजीच्या मांडीवरचा कापूस, तिची किंचित डावीकडे कललेली मान. मात्र साठ हजारांच्या आसपास असलेल्या फोटोंच्या त्या ढिगात तो नेमका कुठे आहे, हे मला सांगता येत नव्हते. त्या दिवशी तो पाठवणे झाले नाही, दुसऱ्या दिवशीही झाले नाही. मावशीने पुन्हा विचारले नाही आणि तिचे ते न विचारणेच मला अधिक टोचत राहिले.

२०२३ च्या पुराच्या त्या पहाटेबद्दल नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. शुक्रवारी, २२ सप्टेंबरला, महालक्ष्म्यांचे जेवण झाले होते. सोळा भाज्या, आंबील, कथली, पुरणपोळ्या असा सगळा पसारा आवरून घरातल्या बायका उशिरा आडव्या झाल्या आणि उजाडण्याआधी मावशीच्या माजघरात पाणी शिरले. तिचे अल्बम कपाटाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात होते, कारण जड वस्तू खाली ठेवाव्यात ही तिची आयुष्यभराची शिस्त. चिकट पानांचे आणि वर पारदर्शक कागद असलेले ते अल्बम होते, ज्यांना आमच्या पिढीच्या लग्नांत फार मान होता. छापील रंगीत फोटोतले रंग जिलेटिनच्या पातळ थरात बसवलेले असतात. तो थर भिजला की फुगतो, आणि त्याच अवस्थेत वाळला की समोर जे काही टेकलेले असेल त्याला कायमचा धरून बसतो. म्हणून भिजलेले फोटो वाळू न देता स्वच्छ, गार पाण्यात ठेवावेत, हलक्या हाताने एकेक सोडवावेत आणि चित्राची बाजू वर करून सावलीत पसरावेत, असे जाणकार सांगतात. पण ज्या घरात त्या दिवशी प्यायलाच स्वच्छ पाणी नव्हते, तिथे फोटोंसाठी ते कोण कुठून आणणार? मावसभावाने सगळे अल्बम गच्चीवर उन्हात मांडले. त्याच्या जागी कोणीही तेच केले असते. वाळल्यावर बहुतेकांची पाने उघडेनात, आणि जी उघडली त्यांच्यातले चेहरे समोरच्या कागदावर निघून गेले होते.

तेव्हापासून घरात एक समजूत पक्की झाली की सगळे काही माझ्या कम्प्युटरमध्ये आहे. तिला थोडाफार आधारही होता. आमच्या नात्यात डिजिटल कॅमेरा आधी माझ्याकडे आला. ज्याच्या त्याच्या लग्नात, बारशात, वास्तुशांतीत तो गळ्यात अडकवून मी फिरत असे, आणि पुढे ज्याचा फोन भरला किंवा लॅपटॉप बिघडू लागला, तो आपले फोटो माझ्याकडे आणून ओतत असे. त्यामुळे माझ्याकडच्या डिस्कवर माझे स्वतःचे फोटो कमी आणि नातलगांच्या ठेवीच जास्त आहेत. काही सीडी माळ्यावर होत्या, आणि नागपुरातल्या मे महिन्यात माळ्यावर किती तापते हे ज्याने कूलरच्या ताट्या काढायला वर डोके घातले आहे, त्यालाच ठाऊक. त्यांतल्या काही आता वाचताच येत नाहीत. ज्या वाचल्या, त्यांच्यावर स्केचपेनने ‘दिवाळी व इतर’ असे लिहिले होते. डिस्कवरच्या फोल्डरांची नावेही याच कुळातली: ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘बघायचे आहेत’, ‘आईच्या फोनमधले पूर्ण’ आणि त्याच्या शेजारी ‘आईच्या फोनमधले खरोखर पूर्ण’. ही नावे देणाऱ्याला त्या क्षणी त्यांचा अर्थ स्वच्छ कळत असतो, हे मला मान्य आहे.

फोटोंना तेवढेही नाव नव्हते.

कॅमेरा फोटोला जे नाव देतो, ते म्हणजे तुरुंगात मिळतो तसा नुसता बिल्ला. १९९८ मध्ये जपानी उद्योगाने ठरवलेल्या एका नियमानुसार कॅमेऱ्यातल्या फोटोचे नाव आठ चिन्हांचे असते: आधी चार मोकळी अक्षरे, मग चार आकडे. कुठे ‘आयएमजी’, कुठे ‘डीएससीएन’, आणि पुढे ०००१ ते ९९९९. दहा हजाराव्या फोटोला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, आणि नवा कॅमेरा घेतला तरी होते. त्यामुळे माझ्या संग्रहात ०४५१ या क्रमांकाचे फोटो अनेक निघाले. त्यांत एक भाचीच्या कान टोचण्याचा होता, एक फुटाळ्याच्या काठावरच्या भाजलेल्या कणसाचा होता, आणि एक बहुधा चुकून दाबला गेलेला, कोणाच्या तरी चपलांचा. हे सगळे एका फोल्डरमध्ये आणायला गेले की यंत्र सभ्यपणे विचारते, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? रात्री अकराच्या पुढे, जांभया देत, या प्रश्नाला घाईने ‘हो’ म्हणणाऱ्या माणसांमुळे किती लग्ने नाहीशी झाली असतील, असा विचार माझ्या मनात अनेकदा आला.

म्हणून कोणालाही हात लावण्याआधी नावे बदलायची, असे ठरवले. हे काम ज्यांनी केले आहे ते सगळे एकच सांगतात की नावाच्या सुरुवातीला तारीख घाला, आणि तीही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी. आपल्या हाताला दिवस आधी लिहायची सवय असते. ती तशीच ठेवली तर सगळ्या वर्षांचे एक जानेवारी एकत्र येऊन बसतात आणि त्यांच्यामागे सगळ्या वर्षांचे एक फेब्रुवारी. वर्ष आधी लिहिले की फाइली वेगळे काही न करता काळाच्या ओळीत उभ्या राहतात. १९८८ मधल्या आंतरराष्ट्रीय मानकात हाच क्रम आहे. ही तारीख हाताने लिहावी लागत नाही, कारण १९९५ पासूनच्या एक्झिफ नावाच्या पद्धतीनुसार कॅमेरा फोटोच्या पोटातच टिपणे लिहून ठेवतो: कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने, उजेड किती वेळ आत घेतला. फाइल इकडून तिकडे नेली की बाहेर दिसणारी ‘तयार झाल्याची’ तारीख बदलते, आतले टिपण सहसा तसेच राहते. फिल हार्वे नावाच्या गृहस्थांनी २००३ पासून घडवत आणलेले एक्झिफटूल हे फुकट मिळणारे साधन ते टिपण वाचते आणि हजारो फाइलींना एका आज्ञेत तारखेची नावे देते. त्यातही एक गंमत अशी की टिपणात तारखेचे आकडे विसर्गासारख्या दोन टिंबांनी तोडलेले असतात, आणि विंडोजच्या फाइलच्या नावात नेमके तेच चिन्ह चालत नाही, म्हणून त्याच्या जागी आडवी रेघ घालावी लागते. आधी मी एका फोल्डरच्या प्रतीवर करून पाहिले. ‘डीएससीएन’चा तो पसारा एका श्वासात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटे असा शिस्तीत उभा राहिला, तेव्हा मला झालेला आनंद घरात कोणालाच समजला नाही.

आजीचा फोटो तरीही सापडला नाही. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या ऑगस्ट-सप्टेंबरातच येणार, म्हणून मी सगळ्या वर्षांचे ते दोन महिने पालथे घातले. मावशीच्या घरचे फुलोरे दिसले, पाटावरच्या रांगोळ्या दिसल्या, पंगती दिसल्या, पण फुलवाती वळणारी आजी कुठे नव्हती.

उलगडा झाला तो आईमुळे. मी जानेवारीच्या एका विचित्र गठ्ठ्याकडे पाहत होते. आमच्या पहिल्या कॅमेऱ्यात पेन्सिल सेल असत, ते काढून थोडा वेळ गेला की त्याचे घड्याळ विसरत असे आणि नवे सेल घातल्यावर पुन्हा एक जानेवारीपासून दिवस मोजू लागत असे. त्यामुळे त्या कॅमेऱ्याच्या लेखी आमच्या घरातले निम्मे सण एक जानेवारीला, मध्यरात्रीनंतर झाले होते. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत निघालेला माझा भाचा तिथे होता, डोक्यावर कागदी टोपी आणि कपाळावर बैलापेक्षा मोठा टिळा. त्याच दिवशी, कॅमेऱ्याच्या मते अर्ध्या तासाने, चांदीच्या ताटात अनारशांची रास, वर तुपाचा दिवा, आणि ताट हातात घेऊन अवघडलेले आमचे जावई उभे होते. आई मागून जपाची माळ घेऊन आली, चष्मा वर केला आणि म्हणाली, “हे तर धोंड्याचं वाण. तेहतीस अनारसे मी एकटीनं तळले होते. तो अधिक श्रावण होता.” मी विचारले, कोणते साल? साल तिला आठवेना. पण महिना श्रावण होता याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती, कारण त्या वर्षी श्रावण दोनदा आल्यामुळे सोमवार नेमके कोणते धरायचे यावरून तिचे आणि शेजारच्या काकूंचे वाजले होते.

अधिक महिना दर तीन वर्षांच्या आसपास येतो, पण दर वेळी वेगळा महिना अधिक होतो. २००१ मध्ये अश्विन होता, २००४ मध्ये श्रावण, २००७ मध्ये ज्येष्ठ. तो कॅमेरा ज्या काळात आमच्याकडे होता, त्यात अधिक श्रावण एकच बसतो. म्हणजे जावयांचे ताट १८ जुलै ते १६ ऑगस्ट २००४ या दिवसांतले, आणि अधिक महिन्याने सगळे सण पुढे ढकलल्यामुळे त्या वर्षीचा तान्हा पोळा सप्टेंबरच्या मध्यावरचा. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीच्या दिवशी सुरू झाले असले तरी चालायला बरोबर चालते. दोन फोटोंमधले अंतर त्याला नीट कळते. त्यामुळे सेल बदलेपर्यंतच्या गठ्ठ्यातल्या एका फोटोची खरी तारीख कळली की तेवढाच फरक सगळ्यांत मिळवून पूर्ण गठ्ठा जागेवर आणता येतो, आणि एक्झिफटूलमध्ये त्याचीही सोय आहे. मी भाच्याच्या बैलाला त्याची खरी सकाळ दिली. त्याच्या मागचे सगळे फोटो सरकले, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अडकून पडलेली एक संध्याकाळ भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांच्या पूजेच्या दिवशी जाऊन बसली. फुलोरा होता, पिवळा दिवा होता, आणि आजी मान कलती करून वात वळत होती.

त्या रात्री मी पंचांगे चाळत बसले होते, कारण झोप येत नव्हती. २३५ चांद्रमास आणि १९ वर्षे यांचा हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळतो, म्हणून एकोणीस वर्षांनी तिथी पुन्हा त्याच तारखांच्या आसपास येऊन पडतात. २००४ नंतरचा अधिक श्रावण २०२३ चा, आणि तोही १८ जुलै ते १६ ऑगस्ट. म्हणजे मावशीच्या घरात पाणी शिरले त्या रात्रीच्या महालक्ष्म्या आणि फोटोतल्या महालक्ष्म्या यांच्यात तेच एकोणीस वर्षांचे अंतर होते. यातून काही निघते असे मी म्हणत नाही. आकाशाला आमच्या अल्बमांशी काही देणेघेणे नाही. पण मावशीला हे सांगावे की सांगू नये, याचा विचार मी बराच वेळ केला, आणि अजूनही सांगितलेले नाही.

हे झाले कॅमेऱ्यातल्या फोटोंचे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्यांचे दुखणे वेगळे आहे. तिथून येताना फोटो लहान केला जातो आणि पोटातले टिपण गळून पडते. अँड्रॉइड फोनवर नावात जी तारीख येते ती फोटो काढल्याची नसते, तो त्या फोनमध्ये आल्याची असते. आमचे आजोबा मी शाळेत असताना गेले, पण मोठ्या मामांनी त्यांचा कृष्णधवल फोटो एका दिवाळीत सगळ्यांना पाठवला, त्यामुळे माझ्या संग्रहात ते २०१९ च्या लक्ष्मीपूजनाला काळा कोट घालून हजर होते. एकच फोटो चार नातलगांकडून फिरून आला की त्याच्या चार प्रती होतात. शंभर टक्के सारख्या फाइली ओळखणे सोपे असते, कारण प्रत्येक फाइलीतून गणिताने एक छोटी खूण काढता येते आणि खुणा जुळल्या की फाइली जुळल्या. पण प्रत्येक फेरीत फोटो पुन्हा दाबून लहान केलेला असतो, त्यामुळे डोळ्याला एकच दिसणाऱ्या चार फोटोंच्या खुणा चार निघतात. ते डोळ्यांनीच पाहावे लागतात. त्यांच्या मध्ये सुप्रभातीच्या गुलाबांची एवढी गर्दी असते की माणसाला फुलांचा तिटकारा यावा. चेहरे ओळखणारी सोयही मी वापरून पाहिली. तिने आई आणि मावशी यांना एकच बाई ठरवले. आईला ते कळल्यावर ती दोन दिवस मावशीच्या नाकाबद्दल बोलत होती.

गावांच्या नावांपाशी मी जास्त अडखळले. धाकटा भाऊ शिकायला परदेशी निघाला त्या दिवशीचे फोटो २००४ चे आहेत. काचेच्या पलीकडे त्याची पाठ, अलीकडे आईचा पदर तोंडावर. तेव्हा आम्ही सगळे सोनेगावच्या विमानतळावर गेलो होतो. २००५ मध्ये त्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दिले गेले, आणि आज कोणी तो फोटो शोधायला बसला तर तो त्याच नावाने शोधेल. आई मात्र अजून सोनेगावच म्हणते. इतवारी स्थानकाच्या नावात आता नेताजी सुभाषचंद्र बोस आहेत, पण माझ्याकडच्या फोटोत तिथे नागभीडला जाणारी छोटी गाडी उभी आहे, जिच्या डब्यात समोरासमोर बसले की गुडघे लागत आणि जी कुठेच घाईने पोहोचत नसे. ती नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली. ज्या इतवारीहून ती सुटत असे त्या इतवारीला त्या दिवशी जे नाव होते तेच फोटोला द्यावे, असे माझे मत झाले. नवे नाव खोटे नाही, पण त्या दुपारी फलाटावर विकायला आलेल्या बोरांना ते माहीत नव्हते. अर्थात हा माझा हट्ट आहे. भाचा म्हणतो, दोन्ही नावे लिही, जागा कुठे कमी आहे! त्याचेच ऐकले.

या सगळ्या शोधात एक गोष्ट सतत खटकत राहिली. आम्ही फोटो काढले ते देवाचे, पंगतीचे, नव्या साड्यांचे. वर्धा रोडचा एकही फोटो मुद्दाम काढलेला नाही. मेट्रोचे खांब येण्याआधीचा तो रस्ता सापडतो तो चुलत बहिणीच्या वरातीत, घोड्याच्या शेपटीमागे. स्वयंपाकघराचा फोटो तर जवळपास नाहीच. आजीच्या हयातीत तिचे जे आयुष्य चुलीपुढे आणि मग गॅसच्या ओट्यापुढे गेले, त्याचा पुरावा म्हणून एका फोटोत दाराच्या चौकटीतून तिचा कोपर तेवढा दिसतो. तो फोटो खरे तर बाहेरच्या खोलीतल्या सत्यनारायणाचा आहे, आणि मी त्याला नावही सत्यनारायणाचेच दिले होते.

मावशी आली ती एका रविवारी, स्वतःच रिक्षा करून. फोटो तिच्या फोनवर पाठवता आला असता, पण मोठ्या पडद्यावर पाहायचा आहे म्हणाली. मी तो उघडला आणि तिच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी येईल अशी माझी अपेक्षा होती, किंबहुना तयारी होती. तिने आजीकडे क्षणभर पाहिले, हात जोडल्यासारखे केले, आणि मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे वाकून म्हणाली, “हे मोठं कर.” तिथे, आजीच्या खांद्यामागे, भिंतीतले फडताळ होते. तिच्या सासऱ्यांनी करून घेतलेले सागवानी फडताळ. त्याचे एक दार अर्धे उघडे राहिले होते, आणि आत पितळी डबे, एक बरणी, खालच्या फळीवर वर्तमानपत्राची कात्री मारून केलेली झालर दिसत होती. पाण्याने त्याची दारे फुगली, बसेनाशी झाली आणि घर आवरताना मुलाने ते काढून टाकले होते. मावशी कितीतरी वेळ त्या डब्यांची नावे सांगत राहिली. यात हिंग, यात मेतकूट, हा कोपऱ्यातला रिकामाच असायचा पण त्यात पैसे असायचे, तुझ्या काकांना कधी कळलं नाही.

मला थोडे वाईट वाटले, हे लिहायला हरकत नाही. आजीसाठी एवढी खटपट केली आणि मावशी डबे पाहत बसली, असे काहीतरी ते होते. मग फाइलीच्या नावाकडे तिचे लक्ष गेले. मी तारखेपुढे महालक्ष्मी, आजी, फुलवाती असे लिहिले होते. तिने वाचले आणि सहज म्हणाली, “यात फडताळ पण लिही गं. मला उद्या पाहिजे झाला तर मी आईच्या नावानं कशी शोधीन? आईचे फोटो तर ढीगभर आहेत.”

तिचे बरोबर होते, आणि त्यानंतर मी नावे देण्याची रीतच बदलली. तोपर्यंत मी फोटोत काय आहे ते लिहीत होते; आता तो फोटो पुढे कोण मागेल याचा अंदाज घेऊ लागले. अनारशांचा फोटो जावई मागणार नाहीत, आईच मागणार आणि ती ‘धोंड्याचे वाण’ म्हणूनच मागणार. इतवारीच्या गाडीचा फोटो कोणी मागितलाच तर ‘छोटी लाइन’ म्हणून मागेल. विमानतळाचा फोटो भाऊ मागणार नाही, त्याची पाठच आहे त्यात. पण वहिनी मागेल, कारण त्यात त्याने घातलेला स्वेटर तिच्या आईने विणलेला आहे आणि लग्न ठरण्याच्या आधीच्या त्या स्वेटरावरून दोन्ही घरांत अजून थट्टा चालते. फाइलीच्या नावात एवढे सगळे मावत नाही. विंडोज तसेही जुन्या हिशेबाने पूर्ण पत्ता २६० चिन्हांच्या आत ठेवायला लावते. म्हणून नावात तारीख, वेळ आणि एक-दोन शब्द ठेवले, आणि बाकीचे फोटोच्या आतल्या टिपणाच्या जागी लिहिले, म्हणजे फाइल कुठेही गेली तरी शब्द तिच्यासोबत जातील. देवनागरी तिथे नीट राहते. एक अडचण मात्र आपल्या ‘ऱ’ची आहे. हे अक्षर कम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येते: एकसंध, किंवा ‘र’ खाली नुक्ता जोडून. दिसते एकच, पण काही साधने त्यांना दोन वेगळे शब्द समजतात. त्यामुळे ‘पुऱ्या’ शोधल्या तर निम्म्या पुऱ्या येतात. म्हणून असे शब्द मी सरळ टाळते आणि पुऱ्यांच्या पंगतीला नुसते ‘पंगत’ लिहिते.

प्रतींचे काम तेवढ्यात उरकले. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला हिशेब मी मानला. घराबाहेरची डिस्क पुण्याला मुलीकडे आहे, आणि ती तिने कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावी असे मी तिला स्पष्ट बजावले आहे.

सध्या हातात आहेत ते मावशीच्या अल्बमांतून वाचलेले फोटो. मावसभाऊ आता मोठ्या परातीत गार पाणी घेऊन बसतो आणि एकेक पान सोडवतो. जे सुटते त्याचा फोटो काढून मला देतो. यांना पोटात टिपण नाही, तारीख नाही, आणि मागे पेनने लिहिलेले बहुतेक धुऊन गेले आहे. अशा वेळी न कळणाऱ्या आकड्याच्या जागी एखादे अक्षर लिहायची रीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने रुळवली आणि २०१९ मध्ये ती एक्स या अक्षरासह तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागात आली. म्हणजे सत्तरच्या दशकातला एवढेच ठाऊक असेल तर १९७ लिहून पुढे एक्स. मला ही रीत फार आवडली. रविवारी मी असा एकेक फोटो घरच्या ग्रुपवर टाकते आणि उत्तरांची वाट पाहते.

गेल्या रविवारी टाकला तो रामटेकचा. गडावरच्या पायऱ्यांवर दोन्ही मामा अर्ध्या चड्डीत, आई आणि मावशी सारख्याच फुलांच्या फ्रॉकमध्ये, मागे आजी शाल पांघरून. मोठे मामा म्हणाले, त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा, शाल दिसत नाही का? धाकटे मामा म्हणाले, छे, ती रामनवमी होती, माझा पाय पायरीवर भाजला होता आणि बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं. मोठ्या मामांनी लिहिले की खांद्यावर मला घेतलं होतं. मग धाकट्या मामांनी लिहिले की आई तर मे महिन्यातही शाल घ्यायची. आई फोन हातात धरून बसली होती; ती म्हणाली, फ्रॉक दिवाळीचे आहेत, पण दिवाळीचे फ्रॉक आम्ही रामनवमीपर्यंत घालायचो, पुढं काय लिहू? मी फाइलीच्या नावात वर्षाच्या शेवटच्या आकड्याला एक्स आणि महिन्याच्या दोन्ही आकड्यांना एक्स घालून ठेवला आहे, आणि आत दोघांचेही म्हणणे नावानिशी लिहिले आहे, खांद्याच्या वादासकट. मोठ्या मामी म्हणतात, त्यांच्या ट्रंकेत याच फोटोची दुसरी प्रत आहे आणि तिच्या मागे स्टुडिओचा तारखेचा शिक्का आहे. ट्रंकेची किल्ली मामांकडे आहे आणि ते सध्या द्यायला तयार नाहीत.